डाव्या सीटवरची गादी

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या राळेगावात घरोघरी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांवर आधी कोमट पाणी, मग पळसाच्या पानानं हळद आणि तूप, आणि शेवटी बैलाच्या कानाशी वाकून आमंत्रण : आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. आमचे शेजारी देवरावभाऊ हे सगळं दरवर्षी यथासांग करतात. फरक एवढाच की त्यांच्या गोठ्यात बैल नाही. तिथे दोन दारांची, बुटकी, लाल रंगाची एक जुनी स्पोर्ट्‌स कार उभी असते.

पहिल्या वर्षी मोटारीचा खांदा नेमका कुठला, असं त्यांनी मला कुंपणावरून विचारलं. मी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलेली बाई. प्रश्न कानावर आला की उत्तर दिल्याशिवाय मला राहवत नाही. चष्मा लावून मी मोटारीभोवती फिरले आणि पुढच्या चाकांवरचा फुगीर पत्रा हाच खांदा, असा निर्णय दिला. रेवा, कबीर, आजी खूप शिकलेली आहे असं तुमच्या बाबानं तुम्हांला सांगितलं असेल. त्या शिक्षणाचा अलीकडचा उपयोग हा असा आहे.

मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत की आजीचा तो हेल्मेटमधला फोटो कुठला. ते सांगायचं तर देवरावभाऊंपासूनच सुरुवात करायला हवी.

देवरावभाऊ कापूस आणि तूर पिकवणारे शेतकरी, पण त्यांचा जीव शंकरपटात. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. सरळ रेषेत आखलेला पट, हलकी छकडी, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपणारी धाव. त्यांची पांढरी जोडी पंचक्रोशीत नावाजलेली होती. पुढे पटांवर बंदी आली. त्याच सुमारास त्यांच्या सूनबाईचं बाळंतपण आलं आणि त्यांची बायको सुमन तीन महिन्यांसाठी म्हणून पुण्याला गेली. ते बाळ आता दप्तर घेऊन शाळेत जातं. सुमन अजून पुण्यातच आहे. मुलगा-सून दोघं नोकरीला, मग पोराला कोण बघणार? सणासुदीला आठ दिवस येते, घर झाडते, लोणची घालते आणि परत जाते.

जोडी विकली आणि देवरावभाऊ वर्षभर गप्प झाले. मग एक दिवस नागपूरहून ही मोटार घेऊन आले. परदेशी निघालेल्या कुणा मुलानं ती येईल त्या भावात काढली होती.

"पळवाले काहीतरी पाह्यजे न, वैनी," ते म्हणाले. मोटारी पळवण्याचे खास गोल रस्ते असतात, तिथे हौशी माणूस आपली गाडी नेऊन दिवसभर पळवू शकतो, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. असा एक लहानसा ट्रॅक आदिलाबादच्या पुढे, हैदराबादच्या वाटेवर आहे असंही त्यांना कळलं होतं.

तेव्हापासून एकच मंत्र : "वजन म्हंजे वैरी." पटाच्या छकडीला जास्तीचा खिळा ठेवत नाहीत, त्याच न्यायानं त्यांनी मोटार सोलायला घेतली. मागची सीट निघाली ती ओसरीवर सोफा होऊन बसली. गालिचा कुत्र्याला मिळाला. रेडिओ देवळात भजनाला लागला. एसी काढला तेव्हा मी विचारलं की वैशाखात काय करणार. "काच खाली करीन," ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात काचही काढली.

नवीन घालायचं ते घरातलंच. ब्रेकला वारा लागावा म्हणून स्प्रिंकलरचे पाइप बंपरपासून चाकांपर्यंत नेले. गंजलेल्या पत्र्यावर बैलांच्या शिंगांना लावायचा रंग मारला, त्यामुळे मोटार अधूनमधून हिंगुळी दिसते. फक्त डावी सीट त्यांनी काढली नाही. उलट तिच्यावर घरच्या कापसाची चांगली जाड गादी शिवून घेतली. मला संकोच वाटला. माझी पाठ दुखते हे सगळ्या आळीला ठाऊक आहे, पण शेजाऱ्यानं एवढं मनावर घ्यावं!

त्या सीटवर मी कशी पोचले, तेही सांगते. सोललेली मोटार एका बाजूला कलून राहू लागली. स्प्रिंगा वरखाली करून चारही चाकांवर सारखा भार आणायचा, तर वजन करायला हवं. म्हणून मोटार जिनिंगच्या काट्यावर नेली, जिथे कापसाच्या गाड्या तोलतात. उजवीकडे देवरावभाऊ बसणार. डावीकडे त्यांनी सरकीचं पोतं ठेवलं. पोतं घरंगळायला लागलं तसं ते माझ्याकडे बघू लागले.

"वैनी, दहा मिंटं बसता काय?"

"मी? वजन वैरी ना?"

"हे जोडीचं वजन हाय. ते येगळं."

मी पर्स घेऊन बसले. पर्समध्ये छत्री, टॉर्च, थर्मास, सुईदोरा आणि दोन किल्ल्यांचे जुडगे असतात. ती आधी खाली ठेवायला लावली, मग काटा कमी दाखवतो म्हणून परत मांडीवर दिली. गुडघे मावेनात म्हणून सीट पार मागे सरकवली. काटेवाला शांतपणे म्हणाला, "पोत्यापेक्षा बाई बऱ्या, देवरावभाऊ. हालत नाई." आयुष्यात माझ्या स्थैर्याची कुणी एवढी मोजूनमापून तारीफ केली नव्हती.

पळताना तुम्ही एकटेच असणार, मग तोल दोघांचा कशाला, असं मी विचारलं. "जोडीबिगर पळणं म्हंजे काय पळणं," ते म्हणाले. बैलांची सवय, अजून सुटत नाही, असं म्हणून मी हसले.

खरं सांगायचं तर एव्हाना मलाच बाधा झाली होती. दुपारची झोप सोडून मी मोबाइलवर शर्यती बघायला लागले. इंग्रजीतल्या सूचनांचं मराठी करून देवरावभाऊंना ओसरीवर समजावून सांगायचे. त्यांच्या शेताकडे जाणाऱ्या सरळ डांबरी रस्त्यावर रोज सकाळी सराव. ते मोटार दामटत, मी बांधावर कुकरच्या वेळेचं घड्याळ घेऊन उभी. कधी डाव्या सीटवरही बसायचे. सोमवारी चादरी धुवायच्या, मंगळवारी पत्रव्यवहार असं माझं वेळापत्रक. पण त्या महिन्यात चादरी तशाच राहिल्या.

ट्रॅकवर जायचा दिवस पोळ्याच्या आधीचा रविवार ठरला. देवरावभाऊंनी सुमनला फोन केला तेव्हा मी तिथेच होते. फोनचा आवाज मोठा केलेला. सुमन त्या मोटारीला डबडं म्हणते आणि आजवर एकदाही तिच्यात बसलेली नाही. ती म्हणाली, "जाता तं जा. पण तुमी अन् ते डबडं, दोघंही साबूत घरी या. मंग पोळ्याले येऊन पायतो, बसायच्या लायक हाय का नाई."

"नक्की बसशीन?"

"पयले साबूत तं या."

मी हसून सोडून दिलं. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. आमच्या आधी त्या ट्रॅकवर गेलेल्या यवतमाळच्या एका पोरानं जी वेळ लावली होती, ती मोडायची, असं मी ठरवलं होतं. मी ठरवलं होतं, देवरावभाऊंनी नव्हे, हे आज कळतं.

शनिवारी आम्ही निघालो. बिनकाचेच्या मोटारीत वाऱ्यानं माझ्या अंबाड्याची दशा व्हायला लागली. फोटोतलं हेल्मेट त्यासाठी होतं. पांढरकवड्याच्या पुढे मी त्यांना विचारलं, की बंदी तर उठली, पट परत सुरू झाले, मग तुम्ही बैल का नाही घेतले.

"माह्या हातानं ते खात नोयते, वैनी," ते म्हणाले. "सांजीले सुमन चारा टाके तवाच खात. ती पुन्याले गेली अन् जोडी वाळत चालली. मी विकली. बंदीचं आपलं लोकाईले सांगतो."

मी थर्मासातला चहा पुढे केला.

रविवारी ट्रॅकवर पाऊस नव्हता. शहरातली पोरं, चकचकीत मोटारी, आणि त्यांच्यामध्ये आमची शिंगांच्या रंगाची. लोक फोटो काढत होते. झेंडा पडला आणि देवरावभाऊ असे सुटले की माझ्या तोंडून शीळ गेली. सरळ रस्त्यावर त्यांनी दोघांना मागे टाकलं. मग वळण आलं. रस्ता वळला, देवरावभाऊ वळले नाहीत. ते सरळ गवतात गेले आणि पार तारेच्या कुंपणाजवळ जाऊन थांबले.

चूक दोघांची होती. पटाला वळण नसतं. धाव संपली की टोकाला चार माणसं बैल धरायला उभी असतात. आणि सराव आम्ही केला तो शेताच्या सरळ रस्त्यावर. मी वळणांवर ओसरीत व्याख्यानं दिली होती, एक वळण मात्र दोघांनीही घेऊन पाहिलं नव्हतं. मी धापा टाकत पोचले तेव्हा ते मोटारीभोवती फिरून पत्रा चाचपत होते. बंपर, दिवे, डावं दार. दाराशी जरा जास्त वेळ.

"लागलं का तुम्हांला?" मी विचारलं.

"खरचटलं नाई तिले," ते म्हणाले.

दुपारी शेवटची फेरी होती. ट्रॅकवरच्या एका मुलानं सुचवलं की काका, डावी सीट काढा, गाडी हलकी होईल. मी पाना काढायला पर्समध्ये हात घातला, एव्हाना तोही तिथेच असायचा. देवरावभाऊंनी मान हलवली आणि ते मोटारीत बसले. मी घड्याळ दाबलं. पहिलं वळण त्यांनी इतकं हळू घेतलं की मला वाटलं इंजिन बंद पडलं. मग दुसरं, तसंच. मागून मोटारी सुंऽऽ करत निघून जात होत्या आणि आमची लाल मोटार वरातीसारखी चालली होती. मी कठड्यावर वाकून ओरडत होते, "दाबा, भाऊ, दाबा." शेजारची दोन पोरं माझ्यापासून जरा लांब सरकली.

फेरी पूर्ण करून ते आले, तेव्हा माझा पारा चढलेला होता. एवढी तयारी केली, एवढी मोटार सोलली, ती काय मिरवायला?

"साबूत न्यायची हाय, वैनी," ते म्हणाले. चेहरा शर्यत जिंकल्यासारखा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सुमन येणार होती. वर्ध्यापर्यंत रेल्वे, तिथून राळेगावची एसटी. देवरावभाऊ मोटार काढत होते, आणि मी सवयीनं पर्स घेऊन डाव्या सीटवर जाऊन बसले. त्यांनी मोटार सुरू केली. परत येताना मी कुठे बसणार, हा साधा प्रश्न माझ्यासारख्या शिस्तीच्या बाईला एसटी फलाटाला लागेपर्यंत पडला नाही.

सुमन उतरली. मोटारीभोवती एक फेरी मारली. शिंगांच्या रंगावर बोट फिरवलं. मी लगबगीनं उतरून दार धरलं, आणि ती बसली.

"गादी चांगली शिवली," ती म्हणाली. "माह्या लुगड्याची हाय न ही खोळ? निळ्या?"

"तुह्याच," देवरावभाऊ म्हणाले.

महिनाभर मी त्या गादीवर बसून शेजारधर्माचं कौतुक करत होते.

सुमन बुटकी आहे. तिचे पाय खाली टेकेनात. "एवढी मागं कोनं नेली ही सीट?" तिनं विचारलं. देवरावभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी एसटीच्या वेळापत्रकाचा फलक वाचू लागले. ते खाली गुडघे टेकून बसले आणि अडकलेली सीट दोन्ही हातांनी हळूहळू पुढे ओढत राहिले, तिचे पाय टेकेपर्यंत.

सामानाला जागा नव्हती. मागची सीट ओसरीवर होती ना. तेव्हा मी सुमनच्या पिशव्या घेऊन ऑटोनं निघाले, आणि त्यांच्या आधी घरी पोचले. बऱ्याच वेळानं मोटार आली. गावातल्या प्रत्येक रस्त्यावरून फिरून आली असावी. आमच्या आळीतही खड्डा आला की थांबत होती.

संध्याकाळी देवरावभाऊ कोमट पाणी, हळद आणि तुपाची वाटी घेऊन गोठ्यात आले. सुमननं वाटी त्यांच्या हातून घेतली.

"हिचा खांदा कुठं असते?"

मी कुंपणापलीकडून सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"तुले वाटन तिथं," देवरावभाऊ म्हणाले.

तिनं पळसाचं पान बुडवून डाव्या दारावर, खिडकीच्या खाली, हळद-तूप चोळलं. आवतन दिलं. मग पान टाकून दिलं, आणि बोटांना राहिलेली हळद त्यांच्या सदऱ्याच्या खांद्याला पुसली.