शनिवारची दाढ

उजवीकडची वरची दाढ.

चामटोलीच्या अंगणात उभा राहत असलेला मांडव.

पापडाच्या पाकिटावर उलटी छापलेली तारीख.

वेणूबाईंच्या डब्यातली सुकटीची चटणी.

यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, असं कमळाकरला गुरुवारच्या जेवणापर्यंत वाटत होतं.

उल्हासनगर कॅम्प चारमध्ये लधाराम सेठांचं कॉम्प्युटरचं ऑफिस होतं. माणसं दोनच, कमळाकर आणि वेणूबाई. कारखान्यांना लेबलं छापायचे प्रोग्राम ते लिहून देत. झालेलं काम मशीनमधल्या सामाईक कपाटात ठेवायचं आणि सोबत काय बदललं त्याची एक ओळ टाकायची. याला ते चेक-इन म्हणत. सेठांचं अर्धं आयुष्य कापडाच्या गोदामात गेलेलं. संध्याकाळचा चहा आला की ते या ओळींचा प्रिंट काढून वाचत. कपाटात काय आलं हे मालकाला कळायला नको?

मे महिन्यात हळदी-लग्नाला सुट्टी नाही, असं सेठांनी आधीच बजावलं होतं. म्हणून कमळाकरने शनिवारची रजा मागितली ती दाढ काढायला. सेठ त्याच्या गालाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "ले लो." कमळाकरचा जीव भांड्यात पडला. चामटोलीला, गावच्या घरी, बहिणीच्या हळदीला भाऊ मांडवात नसता तर आत्या-मावश्यांनी जन्मभर ऐकवलं असतं.

"दाढ दुखते ना तुझी? मग सुकट कशी कुडुमकुडुम चालते?" वेणूबाईंनी विचारलं.

"डावीकडनं खातोय."

"खा. पण चेक-इनमध्ये काय लिहिलंयस ते बघ एकदा."

कमळाकरने बघितलं.

*तारीख सुलटी केली. बाकीचं सोमवारी. शनिवारी बहिणीची हळद.*

शेवटचं वाक्य वेणूबाईंसाठी होतं. ती दोघं एकमेकांना निरोप असेच ठेवायची.

"वाट लागली," कमळाकर म्हणाला आणि खरकट्या हातानेच उठला.

शेवटचं चेक-इन काढून टाकायची सोय होती. त्याने ते काढलं. ओळ गेली. ओळीबरोबर सकाळचं कामही गेलं, कारण कपाटाबाहेर त्याची दुसरी प्रत नव्हती. पापडाची तारीख पुन्हा उलटी.

त्याने सगळं घाईघाईत नव्याने लिहिलं, कपाटात ठेवलं आणि ओळ टाकली.

*तारीख सुलटी केली.*

बस्स. हळदीचं नावसुद्धा नाही. तो हात धुवायला गेला, येताना शिटीही वाजवत आला.

"अरे कमळाकर," वेणूबाई लेबल उजेडात धरून म्हणाल्या, "तुझे पापड लाटायच्या आधीच खराब झाले रे. बनवल्याची आणि संपायची, दोन्ही तारखांची अदलाबदल केलीयस."

"देवा. थांबा, मी बघतो."

"तू नको बघू. केलं मी नीट. कपाटात ठेवलंसुद्धा."

"ओळ काय टाकलीत?"

"खरं तेच."

*कमळाकरची गडबड निस्तरली. त्याचं सगळं लक्ष हळदीत.*

"वेणूबाई, अहो, ही हळदच तर ओळीतनं काढायला मी एवढी मरमर केली."

वेणूबाईंनी जीभ चावली. तेवढ्यात चहावाला आला आणि त्याच्यामागून प्रिंटरची करकर.

सेठांनी कागद फाडला, चष्मा लावला. बशीतला चहा संपेपर्यंत वाचत राहिले. कमळाकरने गालाला हात लावला. घाईत डाव्या.

"दाढ कौनसी? परवा तर उजवी होती."

"सेठ, ती... सरकली."

"शनिवारीच काढायची?"

"हो सेठ."

"अच्छा." सेठांनी कागदाची व्यवस्थित घडी घातली. "मग चामटोलीला मला रस्ता कोण दाखवणार? हळदीला मी काय अकेला जाऊ?"

वेणूबाई डबा घासायला बाहेर पळाल्या.

कमळाकरने दाढेची रजा मागितली त्याच्या आदल्या रविवारी त्याचा बाप शिवराम त्याला न सांगताच, मुलाला कामाला ठेवणाऱ्याच्या घरी पहिलं आमंत्रण द्यायच्या गावच्या रीतीने, सेठांच्या दाराला हळदीकुंकू लावून गेला होता.