नानांचं वीस-पन्नास

इंजिनात कोणतं तेल घालतो यावरून माणसाचं चारित्र्य कळतं, असं नानांचं ठाम मत होतं. तेल ही घाईनं ठरवायची गोष्टच नव्हे! म्हणून त्यांनी आठ महिने अभ्यास केला, दोनशे पानी वही भरून काढली, आणि त्या आठ महिन्यांत त्यांची अडुसष्ट सालची फियाट हिंगोलीतल्या घराच्या अंगणातून एक इंचही हलली नाही.

बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात कारकुनी केलेला माणूस. दोन्ही बाजूंची टिपणी असल्याशिवाय त्यांना चहात साखर घालता येत नसे. अखेर वहीच्या शेवटच्या पानावर लाल शाईत निकाल लागला : वीस-पन्नास. जुन्या इंजिनाला याच आकड्याचं जाड तेल. नाना त्याला तेल म्हणतही नसत. नुसतं ‘वीस-पन्नास’ म्हणत. मोठ्या साहेबाला नुसत्या आडनावानं ओळखावं तसं.

पण अभ्यासाचीही मुदत संपते. गाडीची नोंदणी आज संपत होती, आणि चारच्या आत ती परिवहन कार्यालयात तपासणीला चालत जायला हवी होती. पुण्याहून चिन्मयनं, म्हणजे चिरंजीवांनी, फोनवर बजावलं होतं, “बाबा, आज पास झाली नाही तर सोमवारी भंगारवाला येणार. तुम्ही शब्द दिलाय.”

सकाळी दहाला नरसिंग मिस्त्रीनं इंजिनाखालचा नट काढला. काकवीसारखं काळं तेल घळघळा निघालं आणि इंजिन रिकामं झालं. मग बाजारातून नवा डबा आला. नानांनी डब्यावरचे आकडे वाचले आणि त्यांचं तोंड कडू झालं. पाच-तीस!

“टाका की नाना,” नरसिंग म्हणाला. “तेल ते तेल.”

“अरे, हे पाण्यासारखं पातळ आहे! हे माझ्या गाडीत घालणं म्हणजे पैलवानाला ताकावर ठेवणं!”

“गावात दुसरं न्हाई. ते जाड आता कोनी नेतच न्हाई.”

“परत कर!”

आता एकच आशा होती. कुरुंद्याच्या सटवाजीच्या, म्हणजे नानांच्या शाळेतल्या मित्राच्या, चुलतभावाचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. नाना तेव्हा नट परत नीट बसलाय का ते बघायला गाडीखाली आडवे झाले होते. त्यांनी तिथूनच आरोळी ठोकली, “सुनीती! सटवाजीला फोन लाव! म्हणावं, वीस-पन्नास पाहिजे, ताबडतोब! त्याशिवाय गाडी जागची हलत नाही!”

सुनीतीला नवऱ्याचं बोलणं जसंच्या तसं पुढे ढकलायची सदतीस वर्षांची सवय. ती म्हणाली, “भाऊजी, हे म्हणतात वीस-पन्नास पाहिजे. त्याशिवाय गाडी जागची हलत नाही.”

“वीस-पन्नास?” पलीकडून सटवाजी ओरडला. “येवढे काहून वैनी? गाडी हाय का रेल्वेचं इंजन?”

“ते विचारतात, एवढं कशाला?”

“कमी चालणारच नाही म्हणावं! आणि जाड पाहिजे. पातळ टिकत नाही!”

“जाडच पाहिजे म्हणतात, भाऊजी. पातळ टिकत नाही.”

“बराबर हाय. वजनाबिगर काम न्हाई व्हायचं.”

“आणि मिसळलेलं नको!” गाडीखालून आवाज आला. “आपसात जमत नाही त्यांचं!”

तेही पोचलं. सटवाजी म्हणाला, “समजलं. एकाच घराण्यातलं आनतो. घोर नका करू.”

“एकाच घराण्यातलं आणतो म्हणतात,” सुनीतीनं कळवलं.

“शहाणा माणूस आहे!” नाना गाडीखाली कृतार्थ झाले.

बारा वाजले. एक वाजला. दोन वाजले. नाना फाटकापर्यंत जात आणि परत येत. परीक्षेच्या वर्गाबाहेरच्या बापासारखे. तीनला दहा कमी असताना गल्लीत दोन टेम्पो घुसले आणि त्यांतून माणसं उतरू लागली. उतरतच राहिली! एकेक गडी हळदीच्या पोत्यासारखा गच्च भरलेला, हात कोपरापर्यंत पिवळे.

“नाना,” सटवाजी घाम पुसत म्हणाला, “वीस म्हनले का पन्नास, काय उमगलं न्हाई. म्हनून मधले पस्तीस आनले. सगळे जाड. आन् एकाच भावकीतले!”

त्या भावकीतले दोघं बांधावरून सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. म्हणून तर दोन टेम्पो लागले होते.

“सटवाजी,” नाना म्हणाले, “वीस-पन्नास कुठंय?”

“हे काय!”

“अरे, तेल! वीस-पन्नास हे तेल आहे!”

सटवाजीनं मागे वळून पस्तीस गडी बघितले.

“मंग तेल म्हना ना!” सटवाजी उखडला. “शिजत्या हळदीवरून उठवून आनले न मी लोक!”

“तेलच पायजे ना?” मागून एक गडी म्हणाला. “टॅक्टरचा सीलबंद डबा हाय टेम्पोत.”

डबा आला. नानांनी चष्मा चढवला. वीस-चाळीस.

“दहाच कमी हायेत की नाना!” सटवाजी म्हणाला.

वहीच्या एकशे बाराव्या पानावर वीस-चाळीसविरुद्ध अकरा मुद्दे होते. घड्याळात तीन पंचवीस झाले होते. नानांनी डोळे मिटले.

“टाक!”

नरसिंगनं तेल ओतलं. नानांनी किल्ली फिरवली. गाडीनं म्हाताऱ्यासारखी एक उचकी दिली आणि ती गप्प झाली. आठ महिन्यांत बॅटरी बसली होती.

“ढकला!” सटवाजी गरजला. सत्तर पिवळे पंजे पांढऱ्या फियाटवर पडले आणि गाडी गल्लीतून अशी सुटली की नानांना गिअर टाकायचं भानच राहिलं नाही! चौकात भान आलं. इंजिन धडधडलं, आणि मग कसं गोड गुरगुरायला लागलं!

“आमी काय उगाच आलतो का!” मागून सटवाजी ओरडला.

पुढे एक टेम्पो, मागे एक टेम्पो, दोघांचे भोंगे अखंड चालू, अशी वरात निघाली. म्हशीसुद्धा बाजूला झाल्या. तीन पन्नासला फियाट कार्यालयाच्या आवारात उभी राहिली. दिवसातली शेवटची गाडी!

तपासणीच्या साहेबांनी आधी गाडीवरचे पिवळे पंजे पाहिले. त्यांनी दिवे बघितले. लागले. ब्रेक बघितले. लागले. धूर बघितला. नव्हता! कान लावून ते म्हणाले, “इंजिन झकास वाजतंय हो. तेल कोणतं वापरता?”

आठ महिने नाना याच प्रश्नाची वाट बघत होते.

“वीस...” एकशे बारावं पान त्यांच्या डोळ्यांपुढे आलं, “...चाळीस.”

“छान. हॉर्न द्या.”

नानांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग अंगठ्यावर अंगठा ठेवून दाबलं. मागे पस्तीस जणांनी श्वास रोखला. टेम्पोवाल्याला राहवलं नाही, त्यानं आपला भोंगा वाजवला.

“त्याचा नको,” साहेब म्हणाले. “तुमचा.”

चार वाजता अर्जावर शेरा पडला : नापास. हॉर्न वाजत नाही.