गायकवाड सरांचा मागचा बाक

गायकवाड सर रोज सकाळी शाळेत जायला घराबाहेर पडायचे, इस्त्रीवाल्याच्या बंद टपरीला वळसा घालायचे आणि पुन्हा स्वतःच्याच घरी यायचे. शाळा तिथंच भरत होती. टाळेबंदीनं खऱ्या शाळेला कुलूप घातलं होतं आणि सातवीचा वर्ग सरांच्या अंबरपेठेतल्या हॉलमध्ये, एका फोनवर चालायचा. पण म्हणून मास्तरानं अंथरुणातून उठून थेट वर्गात शिरायचं? सरांना ते पटत नसे. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, खिशाला लाल आणि निळं पेन. फेरी मारून आले की स्वतःच्या दाराची कडी वाजवायचे. काकू दार उघडून म्हणायच्या, "या सर. शाळा उघडलीय. चहा मधल्या सुटीत."

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. मुलांच्या शिक्षणाच्या हक्कासाठी भांडणारा आमचा एक लहानसा गट आहे. पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे. सर माझं प्रत्येक पत्रक वाचायचे, लाल पेनानं ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे आणि जिन्यात गाठून परत द्यायचे. "काय कार्यकर्तीबाई, आज कोणाचा निषेध?"

"तुमच्या शाळेचा."

"बरं. 'निषेध'मधल्या 'नि'ची वेलांटी पहिली, तेवढं बघ."

सरांचे वडील देगलूरकडून सिकंदराबादला रेल्वेत लागले आणि इथलेच झाले. शहरात उरल्यासुरल्या मराठी शाळांपैकी एकीत सर भूगोल शिकवतात. वर्गात कोणी "हौ सर" म्हटलं की "हौ नाही, हो!" म्हणून दटावतात आणि बाहेर पडून भाजीवाल्याला "कायकू इत्ता महंगा भाई?" विचारतात. "तो बाजार," ते सांगतात, "हा वर्ग."

तर हा वर्ग. सरांनी हॉलच्या भिंतीचा एक तुकडा काळा रंगवून घेतला. समोर टीपॉयवर पोळपाट उभा केला आणि त्याला रबरबँडनं फोन बांधला. पहिल्याच दिवशी मुलं ओरडली, "सर, फळा चमकतोय!" सरांनी पडदे ओढले. "सर, आता तुम्हीच दिसत नाही!" शेवटी मार्ग काकूंनी काढला. खिडकीशी काळी छत्री उघडून उभ्या राहिल्या, तेव्हा कुठं गोदावरीचं खोरं दिसायला लागलं. पुढं कित्येक महिने काकू छत्री धरून भूगोल शिकल्या. "माझी सातवी दुसऱ्यांदा झाली," त्या म्हणायच्या. "पहिल्यांदा निदान बसायला मिळालं होतं."

फोनच्या पडद्यावर मुलांचे चौकोन दिसत. सरांच्या हिशेबी वरची रांग म्हणजे पुढचा बाक आणि खालची रांग म्हणजे मागचा बाक. आता ते चौकोन काही जागेवर राहत नाहीत. जो बोलेल तो उडी मारून वर येतो. सरांना हे कोणी सांगितलेलं नव्हतं.

"सुमित! तू पुढच्या बाकावर कसा आलास?"

"सर, मी तर घरातच आहे."

"उलट उत्तर नको! जागेवर जा!"

बिचारा सुमित उठून स्वतःच्या घरातली खुर्ची बदलायचा. मी जिन्यात बसून हे ऐकायची आणि हसून हसून पुरेवाट व्हायची.

पडद्यावर मुलांना लिहून काही कळवायची सोय होती. सरांनी ती पहिल्या आठवड्यातच बंद पाडली. बटण दाबून नव्हे, हुकूम सोडून. "माझ्या वर्गात चिठ्ठ्या चालणार नाहीत. ज्याला बोलायचंय त्यानं तोंडानं बोलायचं." कोणी लिहिलंच तर सर ते उघडायचेच नाहीत. पकडलेली चिठ्ठी वाचणं त्यांच्या सभ्यतेत बसत नव्हतं.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. मग शाळेच्या व्यवस्थापनानं फतवा काढला की जो विद्यार्थी ऑनलाइन तासाला सलग दिसणार नाही, त्याचं नाव कमी करायचं. मी भडकले. रात्रीत पत्रक लिहिलं: 'ज्या घरात एकच फोन आहे आणि तो बापाबरोबर कामावर जातो, त्या घरातलं मूल गैरहजर नसतं. त्याला गैरहजर केलं जातं.' सरांनी वाचून मान डोलावली. "वाक्य चांगलंय. पण वर्गात दिसत नाही तो गैरहजर. नाहीतर हजेरी घ्यायचीच कशाला?"

तेव्हा मला सर म्हणजे बूट घातलेली व्यवस्थाच वाटली होती.

सरांच्या वर्गात एक नाव असं होतंच. रेणुका. वर्षाच्या सुरुवातीला नव्यानं दाखल झालेली, बाप चिक्कडपल्लीत एका अपार्टमेंटचा वॉचमन. सरांनी तिला कधीच पाहिलं नव्हतं. रोज नाव पुकारायचे, तीनदा थांबायचे आणि म्हणायचे, "गैरहजर." शाळेनं बापाला कळवलं की नाव कमी होणार.

एका संध्याकाळी त्याचा सरांना फोन आला. सर नेहमी स्पीकर लावून बोलतात, मास्तराला खाजगी काही नसतं म्हणे. मी पत्रक परत घ्यायला तिथं आले होते, त्यामुळं सगळं ऐकलं.

"सर, खरं सांगा. पोरगी म्हणती रोज तासाला बसते. शाळा म्हणती येतच नाही. मग ती वरच्या फ्लॅटच्या मॅडमनं दिलेला टच फोन घेऊन तासभर काय करायली?"

"माझ्या वर्गात ती एक दिवस आलेली नाही."

"ती म्हणती, सर मला बघत नाहीत."

"बघत नाही? मी?" सरांचा आवाज चढला. "मी मागचा बाकसुद्धा सोडत नाही!"

"मग उद्या मीच बाजूला बसतो. तुम्ही आली नाही म्हणालात, तर संपलं. ज्या मॅडमनं फोन दिला त्यांना लेकरू सांभाळायला पोरगी पाहिजे. परवापासून तिथं लावतो. झूट बोलणारीला शाळा कशाला?"

फोन ठेवल्यावर मी सरांवर तुटून पडले. त्या मुलीला नीट विचारा, शाळेला थांबवा, एक दिवस तरी द्या. सरांनी शांतपणे चष्मा पुसला. "मुलीची कीव मलाही येते. पण न आलेलीला आली म्हणू?"

"अहो, म्हणा की!" आतून काकू म्हणाल्या. "कोण मरणारे त्यानं?"

"हजेरी मरेल," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी तासाला खाली जाऊन बसले. भांडायचं ठरवूनच गेले होते. पण नेमका रबरबँड तुटला आणि फोन माझ्या हातात आला. काकू खिडकीशी छत्री घेऊन, मी टीपॉयशी फोन घेऊन, समोर सर. हजेरी सुरू झाली.

"रेणुका."

सरांनी पडद्यावरून नजर फिरवली.

"रेणुका!"

कुणाच्या तरी घरातली कुकरची शिट्टी आली.

"रेणुका." सर थांबले. नेहमीपेक्षा जास्त थांबले, हे मला कबूल केलंच पाहिजे. मग म्हणाले, "गैरहजर."

मी फोन दुसऱ्या हातात घ्यायला गेले, अंगठा पडद्यावर घासला आणि पडदा सरकला. नवीन चौकोन आले. दोन काळे. एकात छताचा पंखा. आणि एकात एक मुलगी.

मागं सिमेंटची भिंत आणि स्कूटरची चाकं. अंगात शाळेचा गणवेश, दोन वेण्या, लाल रिबिनी. उजवा हात सरळ वर. बाजूला खाकी कपड्यातला एक माणूस, तो फोनकडं बघत नव्हता. तो त्या वर केलेल्या हाताकडं बघत होता. चौकोनाखाली नाव बापाचं होतं.

"सर."

"तास चालू आहे, कार्यकर्तीबाई."

"सर, हिचा हात वर आहे."

सरांनी फोन घेतला, नाकाशी नेला. "हा कुठला वर्ग?"

"तुमचाच. एका पडद्यावर सगळे मावत नाहीत. सरकवलं की पुढचे दिसतात."

सरांनी बोटानं पडदा इकडं सरकवला, तिकडं सरकवला. पुन्हा इकडं. मग अगदी हळू विचारलं, "हे दुसरं पान कधीपासून आहे?"

"पहिल्या दिवसापासून, सर."

बाकीची मुलं आवाज देत होती, म्हणून त्यांचे चौकोन उडी मारून पुढं यायचे. रेणुकाच्या त्या जुन्या फोनचा माइक मेलेला होता. ती रोज "हजर सर" म्हणायची आणि ते सेलारमध्येच राहायचं. अपार्टमेंटच्या तळातल्या पार्किंगला इथं सेलार म्हणतात, तिथंच त्यांची खोली. तिनं लिहूनही बघितलं होतं, पण सर चिठ्ठ्या वाचत नसत.

मुलीचा हात अजून वरच होता.

"हात खाली घे, बाळ," सर म्हणाले. "दुखला असेल."

मग सगळ्या वर्गासमोर त्यांनी बापाला हाक मारली. "दादा, पोरगी खरं बोलत होती. ती रोज आली. मीच तिला पाहिलं नाही."

बाप काहीतरी बोलला. ओठ हलले, आवाज आला नाही. त्यानं टोपी काढली आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, एवढं दिसलं.

काकूंनी छत्री मिटली. त्या दिवशी पहिल्यांदाच सरांचा तास वेळेआधी सुटला. सरांनी शाळेला फोन लावून सांगितलं, चूक माझी, नाव कमी करायचं तर माझं करा. मी म्हणेन, चूक त्यांची आहेच. पण ज्या व्यवस्थापनानं उभं आयुष्य खडू धरलेल्या माणसाच्या हातात फोन दिला आणि तो सरकवायचा कसा हे सांगायचे कष्ट घेतले नाहीत, त्यांनी फतवे काढायला मात्र वेळ काढला. त्यांनी अजून कोणाचीही माफी मागितलेली नाही. हे मी पत्रकात लिहिलंय. सरांनी त्यातलं काहीही सुधारलं नाही.

त्याच दुपारी सरांनी मला स्कूटरवर मागं बसवलं आणि आम्ही चिक्कडपल्लीला गेलो. बापानं दोन खुर्च्या सेलारच्या उतारावर मांडल्या. मॅडमला त्यानं सकाळीच सांगितलं होतं, लेकरासाठी दुसरं कोणी बघा, आमची पोरगी शाळेत जाते.

सर अवघडून बसले. "विचार," ते म्हणाले. "इतक्या दिवसांत काय काय विचारायचं राहिलं असेल, ते सगळं विचार."

रेणुका भिंतीला टेकून उभी होती. तिनं भरती-ओहोटीचं विचारलं, वाऱ्यांचं विचारलं. सर सांगत गेले. मग ती पायाच्या अंगठ्यानं सिमेंट टोकरत म्हणाली, "सर, एका दिवशी तास संपल्यावर तुम्ही फोन बंद करायचं विसरले. सगळे गेले. तुम्ही खुर्चीवर बसून होते. मग तुम्ही एकटेच म्हणाले, मी भिंतीला शिकवतोय."

सरांनी मान वर केली.

"मी होते ना सर. मी म्हणले, नाही सर, मी आहे. पण तुम्हाला ऐकू नाही गेलं."

बाप चहा घेऊन आला. सरांनी तो घेतला, गार होईपर्यंत हातात धरला.

परतताना नारायणगुड्याच्या सिग्नलला थांबलो. सरांनी मास्क खाली ओढून चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला लागले. इस्त्रीच्या शर्टाच्या. बराच वेळ पुसत राहिले. दिवा हिरवा झाला. मागून कोणीतरी हॉर्न मारला, मग दुसऱ्यानं. "ओ चाचा, चलो ना!"

सर हलले नाहीत. दिवा पुन्हा लाल झाला.