प्रमाण माणूस

"माणूस मोजता येतो, साहेब! फक्त प्रमाण नीट हवं!"

मायक्रॉनने हे वाक्य अशा थाटात टाकलं की साहेबांचा कप ओठांपर्यंत येऊन तिथेच अडकला.

मायक्रॉन हे काही तिचं खरं नाव नव्हे. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती या प्रयोगशाळेत लागली आणि पहिल्याच आठवड्यात तिने साहेबांचं टेबल भिंतीशी काटकोनात नाही, हे कोनमापक लावून सिद्ध केलं. तेव्हापासून मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचं ते नाव तिला चिकटलं. प्रयोगशाळेचं काम साधं होतं: दुकानांचे आणि दवाखान्यांचे तराजू तपासायचे आणि 'योग्य' किंवा 'अयोग्य' असा अहवाल द्यायचा. मायक्रॉन स्वतः मात्र अजून अधांतरी होती. नोकरीचा सहावा महिना चालू होता. महिनाअखेर साहेबांनी सही केली, तरच ती कायम होणार! आणि सहीआधी साहेबांनी तिच्यावर एक काम सोपवलं होतं. निवृत्त होणाऱ्या काकांच्या जागी माणूस निवडायचा.

काका म्हणजे वजनांच्या खोलीचे राजे. एकतीस वर्षांत एक चूक नाही, एक भांडण नाही, आणि तराजू तपासणाऱ्या ताईंच्या मते एक पूर्ण वाक्यही नाही.

"अगं, सरळ मुलाखती घे की," ताई म्हणाल्या. "माणूस खुर्चीत कसा बसतो यावरून मला त्याच्या सात पिढ्यांची माहिती कळते!"

"ताई, तो अंदाज झाला. मला मापन हवंय."

"मोज बाई, मोज! माझं काय जातंय!"

मायक्रॉनची पद्धत दिसायला बिनतोड होती. कुठलंही वजन प्रमाण वजनाशी ताडून बघतात, मग उमेदवारही प्रमाण माणसाशी ताडून बघावा. आणि काकांहून प्रमाण माणूस आणायचा कुठून? तिने स्वभावाचे साठ प्रश्न तयार केले. उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'. काकांची उत्तरं हीच उत्तरपत्रिका. ज्याची उत्तरं तिच्याशी जास्त जुळतील, तो आपला माणूस!

काका कागद पाहून "बरं" म्हणाले, तो पिशवीत घालून घरी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी भरून घेऊन आले.

उत्तरं वाचताना मायक्रॉन जरा चमकली. 'समोरच्याची चूक दिसली की लगेच बोलता का?' हो. 'सांगितलेला पहिला आकडा मान्य करता का?' नाही. 'वादात मध्यस्थी करायला आवडते का?' हो, आणि खूण इतकी ठाम की कागद फाटायचा राहिला होता.

"हे आपले काका?" ताईंनी डोळे विस्फारले.

"आपली समजूत आणि मोजमाप यांत फरक पडला, तर समजूत बदलायची असते, ताई," मायक्रॉन म्हणाली. विज्ञानाने तिला हे शिकवलं होतं. मोजमाप कुणाचं घेतलंय हे आधी बघायचं असतं, हेही शिकवलं होतं. पण ते तिला नेमकं त्या क्षणी आठवलं नाही.

बावीस उमेदवार आले. त्यांत एक मुलगी होती. टेबलावरचा पेनसुद्धा तिने असा उचलला, जणू तो झोपलाय आणि त्याला उठवायचं नाही. मायक्रॉनला ती फार आवडली. पण जुळणी तेवीस टक्के! जड मनाने तिने त्या नावावर काट मारली. निवडला गेला एक हसतमुख, भरदार आवाजाचा गृहस्थ. साठांपैकी एकोणसाठ उत्तरं जुळली, म्हणजे अठ्ठ्याण्णव पूर्णांक तीन टक्के! कार्यालयात त्याचं नावच 'अठ्ठ्याण्णव' पडलं.

सोमवारी अठ्ठ्याण्णवला एक दिवस चाचणीसाठी बोलावलं. काका शिल्लक रजा संपवायला घरी होते.

साडेनऊला अठ्ठ्याण्णव वजनांच्या खोलीत शिरला. पावणेदहाला त्याने सगळ्या खिडक्या सताड उघडल्या.

"अहो, बंद करा!" मायक्रॉन किंचाळली. "खोली वीस अंशांवर ठेवायची असते!"

"कोंदट वास येत होता, मॅडम. माणसाने मोकळी हवा घ्यावी!"

तापमापकाने सत्तावीस दाखवले. ते खाली आणायला तास गेला. तेवढ्यात मागून पाण्याचा आवाज आला. ती धावली. बेसिनपाशी प्रयोगशाळेची प्रमाण वजनं ओळीने निथळत होती, न्हाऊमाखू घातलेल्या पोरांसारखी!

"ही वजनं चिमट्याशिवाय उचलायची नसतात! बोटाचा ठसा पडला तरी वजन बदलतं!"

"म्हणून तर धुतली!" अठ्ठ्याण्णव अभिमानाने म्हणाला. "एक ठसा शिल्लक नाही बघा. चांगला साबण लावलाय!"

मायक्रॉनने भिंत धरली. आता वजनं तपासणीला बाहेर पाठवायची, म्हणजे महिनाभर खोलीला कुलूप! ती सावरतेय तोच ताईंची हाक आली. ताईंच्या टेबलाशी एक औषधविक्रेता आपला तराजू घेऊन उभा होता आणि मध्ये अठ्ठ्याण्णव.

"ताई म्हणतात तराजू तीन मिलिग्रॅम चुकतोय. हे म्हणतात अजिबात चुकत नाही. कशाला वाढवायचं? दीडवर मिटवू या!"

"मला चालेल!" औषधविक्रेता तत्परतेने म्हणाला.

"मला नाही चालणार!" ताई ओरडल्या. पण अठ्ठ्याण्णवने अहवालावर लिहूनही टाकलं होतं: 'चूक : दीड मिलिग्रॅम, दोघांच्या संमतीने.' आणि तो कागद वाचत, दारात साहेब उभे होते.

मायक्रॉनने काकांना फोन लावला.

"काका, प्रश्नावलीत तुम्ही वादात मध्यस्थी आवडते असं लिहिलंय?"

"मी?"

"तुम्हीच भरलीत ना ती?"

"घरातले फॉर्म हीच भरते. थांब." फोन हातातून हातात गेला.

"अगं मुली, काय झकास प्रश्न होते गं!" काकूंचा आवाज कानात घुमला. काकू तीस वर्षं विद्यार्थ्यांचं वसतिगृह चालवत होत्या.

"काकू, पण उत्तरं काकांची हवी होती!"

"विचारलं की त्यांना! दर प्रश्नाला 'बरं' म्हणाले. आता 'हो' आणि 'नाही'च्या रकान्यांत 'बरं' कुठे बसवू? म्हटलं, माझीच लिहावीत. का गं, काय झालं?"

मायक्रॉनने सगळं सांगितलं. खिडक्या, साबण, दीड मिलिग्रॅम.

"अगंबाई! असाच माणूस मी दोन वर्षं शोधतेय! उद्याच माझ्याकडे पाठव त्याला!"

म्हणजे मापन अचूक होतं! एवढ्या चिडचिडीतही मायक्रॉनला क्षणभर अभिमान वाटला. तो साहेबांच्या खोलीच्या दारापर्यंत टिकला.

साहेबांसमोर दोन पत्रं होती. "हे त्याच्या नेमणुकीचं, हे तुम्हाला कायम करण्याचं. तुमची पद्धत बरोबर असेल तर त्याला घ्यायलाच हवं, अठ्ठ्याण्णव टक्के आहेत! चुकीची असेल, तर तुम्हाला कुठल्या तोंडाने कायम करू? बोला."

गप्प राहिली असती तर नोकरी पक्की होती. पण मग ताईंच्या टेबलावर रोज दीडवर मिटलं असतं. तिने डोळे मिटून सगळं सांगून टाकलं, काकांचं 'बरं'सुद्धा.

साहेबांनी दोन्ही पत्रं बाजूला सारली. टेबलावरचा तराजूच्या अहवालाचा एक कोरा कागद ओढला, वर तिचं नाव घातलं आणि खाली लिहिलं: 'सध्या अयोग्य. दुरुस्ती शक्य. पुढील तपासणी तीन महिन्यांनी.'

"त्या तेवीस टक्केवालीला उद्या बोलवा," ते म्हणाले. "आणि तुम्ही या आता."

नोकरी वाचली होती! मायक्रॉनने कागद घेतला, आभार मानले, दारापर्यंत गेली. तिथे तिची पावलं थबकली. तिने स्वतःला आवरायचा खरोखर प्रयत्न केला.

"साहेब, या अहवालावर खोलीचं तापमान लिहायचं राहिलंय."

साहेबांनी हात पुढे केला, कागद परत घेतला, तापमान लिहिलं. मग 'तीन' खोडून 'सहा' केले.