आप्पांच्या मोरीतला दिवा

आमच्या शेजारचे मन्मथआप्पा पंखा लावायला गच्चीवर जायचे. बटण दारामागेच होतं. पण लातुरात डाळीची आडत चालवणाऱ्या माणसानं हातानं बटण दाबणं त्यांना कमीपणाचं वाटे. सगळं घर फोनवर चालायचं आणि फोनला नेट मिळायचं गच्चीवर. तिथून पंखा लावून आप्पा घामाघूम होऊन खाली येत. "मास्तर, बोट बी हलवावं लागत न्हाई," असं वर मलाच ऐकवत.

हे सगळं बसवून दिलं त्यांच्या लेकीनं, सुमीनं. ती बंगळुरात नोकरीला. कामापुढं फोन करायलाही सवड नाही. घरात आप्पा एकटेच. हा कारभार तिच्याही फोनवरून चालतो; काय चालू, काय बंद, ते तिला तिथं दिसतं.

एकदा बाजारात तुरीचा सौदा चालू असताना आप्पांनी तिथूनच पाण्याची मोटार सुरू केली आणि दराच्या घासाघिशीत विसरले. आठवड्यानं आलेलं नळाचं पाणी आमच्या अंगणातून नालीला गेलं. लातुरात माणूस तूप सांडेल, पाणी नाही. मी भांडायला गेलो, तर म्हणाले, "मोटारीचा दोष न्हाई. नेट स्लो हाय." लगेच गल्लीतलं सगळ्यात फास्ट कनेक्शन घेतलं.

एवढं करूनही मोरीतला दिवा तसाच जळत राहायचा. दिवेलागणीनंतर सुमीचा फोन यायचा आणि भिंतीपलीकडं आप्पा बोलणी खायचे. "हाव बाई, विसरलो. कर की तिथून बंद."

माझ्यातला मास्तर स्वस्थ बसेना. थोड्या वेळानं दिवा आपोआप विझावा, अशी सोय मी त्यांच्या फोनमध्ये करून दिली. नको म्हणायला आप्पांना कारण सापडलं नसावं.

त्यानंतर भिंतीपलीकडं सामसूम. मला वाटलं, सुधारले. मग एका संध्याकाळी आप्पा दारात उभे.

"मास्तर, ते तुमचं काढून टाका."

"का? बिघडलं?"

"न्हाई. लई बेस चाललंय." ते चपलांकडं बघत होते. "दिवाच चालू ऱ्हाईना, तर पोरगी फोन कामून करंल?"

मला माझ्या हुशारीची लाज वाटली. ती सोय काढून टाकली.

आप्पा घरी गेले. भिंतीपलीकडं खट्ट असा आवाज झाला. मोरीतला दिवा त्यांनी हातानं लावला होता. मग भिंतीच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघं फोन वाजायची वाट बघत बसलो.