हिरामणकाकांचा बांधलेला मोबाइल

हिरामणकाकांना फोन आला की ते आधी शर्ट वर करतात. नव्या माणसाला वाटतं, आता हे ऑपरेशनचे टाके दाखवणार. टाके नाहीत हो, करदोडा. करदोड्याला नायलॉनची दोरी आणि दोरीच्या टोकाला मोबाइल. दोरी आखूड, म्हणून बोलताना काका कमरेत इतके वाकतात की पनवेलच्या बाजारात लोक उगीचच त्यांना उलटा नमस्कार करून जातात.

"मोबाइल म्हंजे म्हस हाय. दावा सोडला का गेली," हे त्यांचं वेदवाक्य. म्हशी गेल्या, शेतं गेली, त्या शेतावर आमची सोसायटी उभी राहिली आणि काका तळमजल्यावर राहायला आले. तेव्हापासून आमचे मोबाइल हीच त्यांची गुरं. लिफ्टमध्ये गाठून विचारणार, लॉक लावलंस का? आयएमईआय नंबर लिहून ठेवलास का? चोरीची तक्रार देताना तो लागतो म्हणून स्वतःचा नंबर त्यांनी दाराच्या चौकटीवर ऑइलपेंटने रंगवलाय, शुभ आणि लाभच्या मधोमध. माझ्या सासूबाई कित्येक दिवस त्याला मंत्र समजून हात जोडत होत्या.

आणि अशा माणसाचाच मोबाइल हरवला! पुतण्याच्या हळदीत नाचताना दोरी तुटली. आगरी हळद ती, डीजेपुढे म्हातारेकोतारेसुद्धा जागेवर राहत नाहीत. सकाळी काका रिकाम्या कमरेने दारात उभे, आणि सोसायटीला कोण आनंद. ज्याने त्याने त्यांचेच धडे त्यांना म्हणून दाखवले. आम्ही आळीपाळीने फोन लावत होतो. रिंग जायची, उचलत कोणी नव्हतं. मी म्हटलं, काका, आधी सिम बंद करा आणि पोलिसांत तक्रार द्या, नाहीतर कोणीतरी तुमचं बँकेतलं खातं धुऊन नेईल.

"तक्रार देतो. पन नंबर बंद नाय करायचा."

माझं डोकंच फिरलं. आम्हाला छळ छळ छळलंत आणि आता हे? त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, तक्रार दिली आणि दुपारी उरणची एसटी धरायला निघाले. बिनफोनच्या म्हाताऱ्याला एकटं कसं सोडणार? मीही तणतणत सोबत गेले.

एसटीत त्यांनी सांगितलं. उरणला त्यांची थोरली बहीण असते, तिला सगळे बाय म्हणतात. बायला आता माणसं ओळखू येत नाहीत. काका समोर बसले तरी पाहुणा समजते. पण भावाला फोन करायचं विसरत नाही. रोज दिवेलागणीला आपल्या जुन्या फोनचं एक ठरलेलं बटण दाबते. आलेला फोन मात्र उचलत नाही. नुसती रिंग वाजली तर पुन्हा लावते, पण मागे एकदा 'बंद आहे' ऐकलं आणि भावाला शोधायला अनवाणी एसटी स्टँडपर्यंत चालत गेली. तेव्हापासून ही दोरी. नवं सिम चालू होईपर्यंतचा एक दिवसही त्यांना नको होता. मला माझ्या तोंडाळपणाचा रागच आला.

बायने ओट्यावर आमचं छान स्वागत केलं, सुनेला चहा टाकायला सांगितला. मग दिवा लागला आणि तिने बटण दाबलं. ऐकू कमी येतं म्हणून आवाज मोठा ठेवलेला. रिंग गेली, गेली, आणि कोणा पुरुषाने फोन उचलला.

"हिरामण, जेवलास का रं?"

पलीकडचा माणूस म्हणाला, "जेवलो, आई. तू जेवलीस?"

"आता जेवीन," म्हणत बायने फोन ठेवूनच दिला.

अहो, मोबाइल कुठे आहे ते विचारायचं राहिलंच की! मी माझ्या फोनवरून घाईघाईने लावला. मांडववाल्याचा माणूस निघाला. सतरंज्या गुंडाळताना त्याला मोबाइल नुकताच सापडला होता. लॉकमुळे कोणाला लावता येईना, म्हणून बिचारा कोणाचा तरी फोन येण्याची वाट बघत होता.

मी आनंदाने काकांकडे वळले, तर त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. बाय पुढे सरकली आणि त्यांच्या पाठीवर हात फिरवायला लागली.

"रडू नका, पाव्हनं. माजा भाव हाय पनवेलला, तुमाला काय लागला तर त्याला सांगते. लय चांगला हाय तो."