राऊतकाकांचा आवाज

राऊतकाका एखादी गोष्ट कानात सांगतात, तेव्हा ती आमच्या बिल्डिंगीच्या चारही मजल्यांवर पोचते. मला मधुमेह निघाला हे बायकोच्या आधी मी काकांना जिन्यात सांगून बसलो. "कोनाला बोलनार नाय!" असं त्यांनी वचन दिलं, आणि संध्याकाळी तळमजल्यावरचा इस्त्रीवाला मला म्हणाला, "भाईसाब, चावल बंद करो."

आम्ही बोईसरला राहतो. मी मूळचा सांगलीकडचा, कारखान्यात तिन्ही पाळ्या करणारा. रात्रपाळी संपवून सकाळी जरा डोळा लागावा, तर भिंतीपलीकडून "सुमन! चाय टाक!" अशी गर्जना होते. काका चिंचणीचे. चिकूची वाडी भावाकडे सोपवून नोकरीसाठी इथे आले आणि कॉम्प्रेसर रूममधून निवृत्त झाले. त्या आवाजाबद्दल बिल्डिंगीत दोन मतं होती. कुणी म्हणे, जन्म मशिनीजवळ गेला, दुसरं काय होणार? कुणी म्हणे, समुद्रकाठची माणसं, वाऱ्याशी भांडतच वाढलेली. काकांचं स्वतःचं उत्तर ठरलेलं होतं: "सभावाला औषद नाय, पवार!" हेही ते ओरडूनच सांगत.

मग त्यांची मुलगी वैशाली नाशिकहून बाळाला घेऊन माहेरी आली. काकांनी "माजा राजा!" म्हटलं आणि राजाने भोकाड पसरलं. "का रडतंय?" म्हणून काका जवळ गेले की तो आणखी रडे. दोन दिवस तिने कसेबसे काढले आणि बॅग भरली. "बाबा, तो घाबरतो हो तुम्हाला. आवाज कमी करा, मगच आणीन त्याला," असं म्हणून ती गेली. त्या दिवशी पलीकडून चहाचीही हाक आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी आवाज कमी करायला घेतला. तोंडात खडीसाखर धरून ते गॅलरीतल्या तुळशीशी हळू बोलायची सवय करू लागले. "तुलशीबाय, पानी घालू काय?" असं विचारत आणि माझ्याकडे बघून, जमलं का, अशी मान उडवत. मला हसू आवरेना. मासळीबाजारात त्यांनी इतक्या हळू भाव केला की कोळीण घाबरली. "काय झाला काका? घशाचा आपरेशन झाला काय?" म्हणत तिने दोन बोंबील वर घातले. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते बोलायला उठले, तर चेअरमन टेबलाखाली बघू लागले, कोण बोलतंय म्हणून.

आठवडाभरात हे बारगळणार, असं मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं होतं. पण महिना उलटला तरी भिंत गप्पच. मी दिवसा घोरू लागलो. या वयात माणूस मुळापासून बदलतो, हे मला मान्य करावंच लागलं, आणि खरं सांगतो, काकांचा अभिमानही वाटला. वैशालीने फोनवर त्यांचा मऊ आवाज ऐकला आणि येत्या रविवारी बाळाला घेऊन येते, असं कबूल केलं.

त्याच आठवड्यात सुमनकाकू आमच्याकडे विरजण मागायला आल्या आणि वाटी हातात घेऊन बसूनच राहिल्या.

"पवारभाऊ, हे माज्याशी बोलत नाय. नुसते ओठ हलवतात. माजा काय चुकला काय?" त्यांचे डोळे भरले होते.

"काकू, ते हल्ली हळू बोलतात."

"काय?"

"हळू बोलतात!"

"तुमी पन तोंडातल्या तोंडात बोलता," म्हणत त्या विरजण घेऊन गेल्या.

मी हे गंमत म्हणून काकांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. ते तडक घरात गेले, आणि लगेच आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर हललं. "सुमन! चाय टाक!"

"टाकते, टाकते! वरडता कशाला?" काकू म्हणाल्या. त्या आवाजात इतका आनंद होता की मी चमकलो.

तरी मी तणतणत गेलोच. "काका, रविवारी नातू येतोय! महिन्याची मेहनत पाण्यात घालता?"

काकांनी मला जिन्यात ओढलं, दार लावून घेतलं आणि ते अगदी हळू बोलले. "सुमनला कमी ऐकू येतंय, पवार. वैशू लहान होती तवापासून. तिचा तिलाच ठाव नाय."

"ठाऊक नाही?"

"तिची आय भैरी होती. गावातली पोरं मागं लागायची, भैरी-भैरी करून. आपला तसा हुईल, याचीच सुमनला लय भीती. म्हनून मी मोठ्यानं बोलाया लागलो. एकट्या तिच्याशीच वरडलो असतो तं तिला कललं असतं ना? म्हनून सगल्यांशीच."

"म्हणजे तुमचा आवाज मुळात…"

"शालेत मी 'हजर' बोलायचो, तो मास्तरांना ऐकूच जायचा नाय. गैरहजेरी मांडायचे माजी." काका हसले. "नातवाला हुईल सवय. वैशूला सांगू नका. ती कानाची मशीन घेऊन येल, आनी ही रडत बसल."

ज्या माणसाला स्वभावाला औषध नसल्याचा नमुना म्हणून आम्ही एकमेकांना दाखवत होतो, त्याने आपला स्वभाव कधीच बदलून टाकला होता.

रविवारी वैशाली आली. आम्हालाही बोलावलं होतं. काकांनी बाळाला हात लावला नाही, तोंडही उघडलं नाही. लांबून नुसत्या टिचक्या वाजवून त्याला हसवत राहिले. पण काकूंनी आतून काही विचारलं, तेव्हा उत्तर द्यावंच लागलं. "साखर कमी घाल!" बाळ दचकून रडू लागलं.

"बाबा, तुम्ही काही बदलायचे नाही," वैशाली चिडून म्हणाली.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी माझा हात दाबला. "सभावाला औषद नाय, पोरी!" मान खाली घालून ते ओरडले.

बाळ शांत होतंय तोवर काकू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. कसा झालाय, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी एक घोट घेतला, दम भरला आणि सगळं बळ एकवटून म्हणालो, "काकू! चहा फक्कड झालाय!"

बाळाने पुन्हा टाहो फोडला. वैशाली माझ्याकडे डोळे वटारून बघू लागली. काकूंचा चेहरा मात्र उजळला.

"बगा," त्या काकांना म्हणाल्या, "पवारभाऊ कसे आता सुधरले! किती साफ बोलतात."